सहा वाजताची गळती

दादा, तुझ्या नियमाप्रमाणे आज मी तुला फोन करायला हवा, कारण काहीतरी झालंय. एरवीचा आपला नियम ठरलेला होता. काही झालं तरच कळवायचं. फोन आला नाही म्हणजे सगळं बराबर चाललंय असं धरायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. तेरा-चौदा वर्षं आपण तो पाळला. तू गेलास त्या दुपारी मी जालन्यात परीक्षेचे पेपर तपासत बसले होते आणि तुझी काळजी माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. एकोणीस दिवस तुझा फोन नव्हता, म्हणजे दादा ठीक आहे, इतका सरळ हिशोब होता.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले. तुझ्या अंबडच्या घरात आता वहिनी आणि मी एवढ्याच आहोत. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, जेवायला उठते आणि परत जाऊन पडते. लेकीचं बाळंतपण अर्ध्यावर टाकून आलीय बिचारी. मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं सांगते. दुपारी हातानं करून जेवला, खुर्चीत बसला, पेपर मांडीवर तसाच होता, सव्वासहाला शेजारच्या बाईंनी दार वाजवलं, कडी नुसती ओढलेली होती. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता मला ते कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटतं. मी फार थकले आहे रे. प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, "तुमचं शेवटलं बोलणं कधी झाल्तं?" एकोणीस हा आकडा माझ्या तोंडातून निघत नाही. "झालं होतं थोड्या दिवसांपूर्वी," असं म्हणून मी चहा आणायला उठते.

एक गोष्ट मात्र मला इतके दिवस कळत नव्हती. शेजारच्या बाईंनी नेमकं तेव्हा दार का वाजवलं? त्यांचं-तुमचं जाणं-येणं बेताचंच. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुण्या माणसाचा फोन आल्ता. म्हणला, बाजूच्या सायबाचं दार वाजवून पाहा, जल्दी. नाव इचारावं तर ठेवून दिला." कोण असेल, याचा मी तेरा दिवस विचार करतेय. तुझ्या जिवाची एवढी खबर मला नव्हती आणि कुणा परक्या माणसाला होती, हे मला सहन होत नव्हतं. ते कोडं आज दुपारी सुटलं. पण तुला मधूनच काही सांगितलेलं कधी चाललं नाही, म्हणून ओळीनं सांगते.

जालना वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी तुझी कालव्यावर बदली झाली. मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि दोन खोल्यांत एकटी राहत होते. तू शनिवारी ऑफिसच्या कामाला मोटारसायकलवर यायचास, दुपारी माझ्याकडे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचास आणि जेवताजेवता कालव्याचं रडगाणं लावायचास. आपण दोघं कुंभार पिंपळगावची, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली पोरं. कालव्यात इतक्या भानगडी असतात हे मला तुझ्याकडूनच कळलं.

तुझ्या ताब्यात कालव्याचा एक लांब तुकडा होता आणि त्यावर सात चौक्या. प्रत्येक चौकीत एक माणूस, पाण्याची उंची बघायची एक पट्टी आणि हँडल फिरवायचा एक टेलिफोन. सातही टेलिफोन एकाच तारेवर. नियम असा की प्रत्येकानं तासातासाला पाण्याची उंची कळवायची. एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं.

"सुमे, सात जण एका तारेवर बोलून राह्यले आन् कामाचं एकबी बोलून न्हाई राह्यले," तू म्हणायचास. "चार फूट दोन, चार फूट दोन, चार फूट दोन. अरे, जे बदललंच न्हाई ते कशाला सांगतो?"

त्यात निम्मे चौकीवाले पट्टीकडे बघतसुद्धा नव्हते. सकाळीच दिवसभराचे आकडे लिहून मोकळे व्हायचे. एका दुपारी पाच नंबरला खरोखर पाणी चढलं आणि तिथला माणूस हँडल फिरवून फिरवून दमला, कारण तारेवर तीन नंबर आपलं चार फूट दोन म्हणत होता. नुकसान काही झालं नाही, नुसता भराव ओला झाला. पण तू चिडलास आणि चिडलास की तुझं डोकं चालायचं. तू पट्ट्यांवर वर एक आणि खाली एक अशा तांबड्या रेघा मारून घेतल्यास. पाणी रेघेला लागलं तरच बोलायचं, नाहीतर गप्प. वरच्या साहेबांना कागदावर तासाचे आकडे लागायचेच. ते तू कसे भरलेस हे मी विचारलं नाही.

पुढच्याच पाळीत, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटलं तेव्हा, तुझी फजिती झाली. वारा सुटला, पाण्यावर लाटा आल्या आणि चार नंबरवरचा रंगनाथ, नवाच लागलेला आणि फार इमानदार, त्यानं अर्ध्या तासात तार गरम केली. सायेब, पाणी रेघेला लागलं. सायेब, सुटलं. सायेब, लागलं. तू त्याची नक्कल केलीस तेव्हा मला ठसका लागला होता. मग तू रेघा पुसून टाकल्यास आणि खरा नियम काढलास. शेवटचा कळवलेला आकडा ध्यानात ठेवायचा. त्याच्यापासून पाणी चार बोटं वर किंवा चार बोटं खाली गेलं तरच हँडलला हात लावायचा. त्या पाळीला तुझी तार दिवसदिवस गप्प होती आणि कालवा पूर्वीपेक्षा नीट चालला. तू हे सांगायला खास बुधवारी आलास, शनिवारची वाटही न बघता. इतकं खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी त्यावर म्हटलं, यात नवीन काय, हे तर आतड्यातला जिवाणूही करतो. तुझं तोंड उतरलं. माझं हे नेहमीचंच, समोरच्यानं हौसेनं काही आणलं की ते आधीच कुठंतरी आहे असं सांगायचं. आज त्याची लाज वाटते. पण तू रुसला नाहीस, ताट सरकवून म्हणालास, "सांग मॅडम, कसं करतो?"

मी सांगितलं. दुधातली साखर पचवायची तर जिवाणूला काही खास प्रथिनं बनवावी लागतात. पण साखर नसताना ती बनवणं म्हणजे फुकटचा खटाटोप. म्हणून ती प्रथिनं बनवणाऱ्या जनुकावर एक पहारेकरी बसलेला असतो. साखर आत आली की पहारेकरी बाजूला होतो आणि काम सुरू होतं. साखर संपली की तो परत जागेवर. तासातासाला कुणी कुणाला काही विचारत नाही. तुला ते इतकं आवडलं की तू मला तसंच कॉलेजात घेऊन गेलास, पेशी दाखव म्हणून. प्रयोगशाळेत मी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून दिला. तू एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिलास.

"हे तर वाफे पाडल्यावानी दिसतंय," म्हणालास. "यात गेट कुठंय?"

"प्रत्येक वाफ्याच्या बांधावर हजारो आहेत. पण ते या भिंगातून दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत आन् वर्गात शिकवती. आमच्यात असं चालत न्हाई."

आपलं खरं भांडण मात्र गळतीवरून लागलं आणि ते कधी मिटलं नाही, म्हणजे मिटलं नाही असं मी आजपर्यंत समजत होते. मी तुला सांगितलं होतं की तो पहारेकरी कधीच पूर्ण बंदोबस्त ठेवत नाही. साखर नसतानाही अधूनमधून त्याचा हात सुटतो आणि चार-दोन प्रथिनं बनून जातात. आम्ही त्याला गळती म्हणतो. आणि ती गळती नसेल तर सगळं फसतं, कारण साखरेला आत घ्यायचं दारसुद्धा त्याच प्रथिनांपैकी एक असतं. सगळं कडेकोट बंद ठेवलं तर दारच नाही, दार नाही तर साखर आत नाही, आणि बाहेर साखरेचा पूर आला तरी पेशीला पत्ता लागायचा नाही. म्हणून काही नसतानाही थोडं काहीतरी चालू ठेवावं लागतं. मी तुला म्हटलं, तुझ्या तारेवरही अशी गळती पाहिजे.

तुला ते बिलकुल पटलं नाही. ज्याचा जन्म कालव्याची गळती बुजवण्यात चाललाय त्याला गळतीचं कौतुक सांगायचं म्हणजे माझंच चुकलं. "गळती म्हंजे चोरी, न्हाईतर आळस," तू म्हणालास. "ती बुजवायचा मला पगार भेटतो. गप म्हंजे गप. त्याच्यात अजून काय गळवायचं?"

एकदा मी तुला माझ्या वर्गावर बोलावलं. जिवाणूचं ते प्रकरण मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं. तू फळ्यावर कालवा काढलास, सात चौक्या काढल्यास, रंगनाथची नक्कल केलीस आणि अर्ध्या तासात वर्गाला ते कळलं. मला तीन तास लागायचे. शेवटी हसनाबादची एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, मागच्या बाकावरून उठून म्हणाली, "सर, चौकीवाला गप हाये म्हंजे पाणी बराबर हाये, का त्योच बराबर न्हाई, हे तुम्हाला कसं कळंल?"

तू खडू खाली ठेवलास. मग म्हणालास, "माझे चौकीवाले आजारी पडत न्हाईत, पोरी. कालव्याची हवा चांगली हाये." वर्ग हसला. ती मुलगीही हसली आणि खाली बसली. घरी येताना मी म्हटलं, ती माझंच विचारत होती, गळतीचं. तू म्हणालास, तूच पढवून आणली असशील. मी पढवली नव्हती, दादा. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि तुला ते खरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी, कधी ते नक्की आठवत नाही, तू जवळजवळ दीड महिना जालन्याला फिरकला नाहीस. आलास तेव्हा वाळलेला होतास. मी कसलातरी विषय काढून गळतीवर आले, सवयीनं. तू भांडला नाहीस. "जाऊ दे ते, चटणी संपली का," म्हणालास. मला वाटलं कंटाळला. मीही तो विषय सोडून दिला.

मग आपल्या दोघांच्याही घरी फोन बसले आणि तू चौक्यांचा नियम घराला लावलास. काही झालं तरच फोन. वहिनीलाही तोच, लेकीलाही तोच. लोक हसायचे आपल्याला. पण खरं सांगू का, मला तो सोयीचा होता. कॉलेज, पेपर, प्रॅक्टिकलच्या वह्या, परत पेपर. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी बोलायची ताकद राहायची नाही आणि तुझ्या नियमामुळे न बोलण्याचा अपराध वाटायचा नाही. तू सांगितलंस म्हणून मी पाळत होते, असं मी या तेरा दिवसांत स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. ते अर्धंच खरं आहे.

साखर निघाली तेव्हा तुझी पन्नाशी उलटून काही वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं ठरावीक दिवशी तपासा. तू म्हणालास, काही वाटलं तर तपासतो. पुढं बोट टोचून साखर मोजायचं यंत्र मी तुला घेऊन दिलं. ते तू कपाटात ठेवलंस, कापडात गुंडाळून. मी तुला किती वेळा समजावलं असेल. तुझ्या नियमाला पट्टी शाबूत लागते, दादा. साखरेनं नसा बोथट होतात, तुला जे वाटायला हवं ते वाटणारच नाही, मग काही वाटलं तर या बोलण्याला अर्थ काय? बाहेरून सतत कुणी ओरडत राहिलं की पेशी आपले कान काढून घेते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. माझी मुलं ते परीक्षेत बरोबर लिहायची. तू मात्र पाय बधिर झाले तरी चप्पल बदलून बघत होतास.

तू गेलास त्याच्या एकोणीस दिवस आधी तू फोन केलास, कारण काहीतरी झालं होतं. "सुमे, नात झाली. वजन बराबर हाये. तुझ्या वहिनीचा आत्ताच फोन आल्ता. ठेवू?" तुझा आवाज दमलेला वाटला मला. वाटला, हे आठवतंय. मी विचारलं, साखर तपासतोस ना? "वाटलं तर तपासतो," तू म्हणालास. माझ्यासमोर पेपरचा गठ्ठा होता. "तुझं तू बघ," असं म्हणून मी फोन ठेवला. नातीबद्दल चांगला एक शब्दही बोलले नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅकची कळ आलीच नसेल त्यांना. ते माझी समजूत घालत होते आणि मला त्या वाक्यात आपलं सगळं भांडण ऐकू येत होतं.

आता आजचं. दुपारी दोनच्या सुमाराला एक म्हातारा माणूस फाटक उघडून आला. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर गमजा, हातात पिशवी. खुर्ची दिली तर बसला नाही, ओट्याच्या कडेला टेकला. तुझ्या फोटोकडे बघून हात जोडले.

"ताईसाहेब, मी रंगनाथ. चार नंबर."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. इतकी वर्षं मी ज्याची नक्कल बघून हसत होते तो माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. शहागडच्या अलीकडे एका वस्तीवर राहतो. गुडघे गेलेत, म्हणून तेराव्याला येता आलं नाही, आज लेकानं बसमध्ये बसवून दिलं. मग तो खाली बघत म्हणाला, "मीच केल्ता फोन. त्या बाजूच्या बाईला."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच विचित्र बोलतेय.

"सहाची घंटी आली न्हाई, म्हणून."

"कसली घंटी?"

"तुम्हाला ठाव न्हाई? तुमचीच तं हाये ती."

मग त्यानं सांगितलं, दादा. तुला ते कुणीतरी मला सांगावं असं वाटलं असतं का, कोण जाणे. आता सांगून झालंय. तू जालन्याला आला नव्हतास त्या दीड महिन्याच्या आधीची पाळी होती. रंगनाथ चौकीत तापानं पडला. उठून हँडल फिरवायचंही बळ राहिलं नाही. कालव्याचं पाणी चढत गेलं. "आन् सायेब हापिसात बसून म्हणत राह्यले, चार नंबर गप हाये, म्हंजे बराबर हाये. दीड दिवस मी तसाच. पाणी भराव ओलांडून खालच्या वावरात गेलं, कुणाचातरी वेचणीचा कापूस बुडाला, तो माणूस बोंबलत हापिसात आला तवा सायबाला कळलं."

तू मोटारसायकल घेऊन गेलास. आधी गेटकडे नाही, चौकीत गेलास, हे रंगनाथनं दोनदा सांगितलं. त्याला गमज्यानं आपल्या पाठीशी बांधलंस आणि अंबडच्या दवाखान्यात आणलंस.

"सारी वाट सायेब एकच म्हणत व्हते. रंगनाथ, बोल. काहीबी बोल. गप बसू नको."

तो बरा झाला तेव्हा तू सातही चौकीवाल्यांना एकत्र बसवलंस. चार बोटांचा नियम आहे तसाच राहील, पण त्याशिवाय संध्याकाळी सहाला प्रत्येकानं दोन घंट्या द्यायच्या. पाणी बदललं असो, नसो. बोलायचं काही नाही, नुसत्या घंट्या. कुणाची आली नाही की तू सायकलवर माणूस पाठवायचास, नाहीतर स्वतः जायचास.

"आमी म्हणलं, सायेब, काही झालंच न्हाई तं घंटी कशापायी? तं म्हणले, हिला गळती म्हणतेत. माझ्या बहिणीनं शिकवलंय. ती जालन्याला मोठी मास्तरीण हाये. तवापासून आमी तिला गळतीच म्हणतो. सहाची गळती दिली का, असं एकमेकाला इचारायचो."

सात चौक्यांना माहीत होतं, दादा. मला नव्हतं. पुढं ती तार गेली, तू निवृत्त झालास, रंगनाथ झाला, तरी तुमची घंटी थांबली नाही. तो लेकाच्या मोबाइलवरून तुझ्या घरी दोन घंट्या द्यायचा आणि तोडायचा. तू इकडून दोन द्यायचास. मी विचारलं, बोलत नव्हता? "रोज रोज काय बोलावं?" तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं दिल्या, तुझ्या आल्या नाहीत. परत दिल्या. मग तूच कधीतरी लिहून दिलेला शेजारचा नंबर त्यानं शोधला.

मी त्याला शेवटी विचारलंच, हे मला का नाही कळू दिलं? माझा आवाज चढला असावा, कारण म्हातारा जरा दबला. मग हळूच म्हणाला, "मी म्हणल्तो एकदा, ताईला सांगा, खूश व्हतील. तं म्हणले, तिला सांगशील तं बघ. ती म्हणंल मी जिंकले. आन् मंग माझ्या साखरेला, पायाला, डोळ्याला, धा ठिकाणी घंट्या लावायला लावंल."

मला तुझा राग आला आहे, दादा, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुला सगळं कळलेलं होतं. गप्प माणूस बरा असेलच असं नाही, हे तू एका माणसाला पाठीला बांधून आणताना शिकलास आणि त्याला माझं नाव दिलंस. मग तेच स्वतःच्या रक्ताला का नाही लावलंस? माझ्या फोनला का नाही लावलंस? एवढ्याशा हट्टापायी, बहिणीसमोर हरायचं नाही म्हणून. मी जिंकले म्हणाले असते, एक दिवस म्हणाले असते. दुसऱ्या दिवसापासून मला सहाला दोन घंट्या आल्या असत्या आणि एकोणीस दिवसांचा तो आकडा माझ्या गळ्यात अडकला नसता.

आणि तरीही त्याच रंगनाथमुळे तू रात्रभर त्या खुर्चीत एकटा राहिला नाहीस. सव्वासहाला तुझ्याजवळ माणूस आलं. मी दिलेल्या कल्पनेनं तेवढं तरी केलं, याचा मला आधार वाटतोय आणि आधार वाटतोय याचीही चीड येतेय. सात चौक्यांवर बहिणीचं नाव घेत होतास, हे कळून मला दुपारभर काही सुचलेलं नाही. तू माझं ऐकलं होतंस. मला वाटायचं, माझं कुणीच ऐकत नाही.

चहा घेऊन रंगनाथ उठला. फाटकापाशी जाऊन परत फिरला. बराच वेळ टोपी सारखी करत राहिला.

"ताईसाहेब, आता सहाला कुणाला देऊ?"

मी आत जाऊन कागदावर जालन्याचा माझा नंबर लिहिला, मोठ्या आकड्यांत, आणि आजच्या दिवस इथल्याच नंबरावर द्या म्हटलं. त्यानं कागद टोपीत ठेवला. त्याचा नंबर मी पेपरच्या कडेवर लिहून घेतला, तुझ्या मांडीवर होता त्याच पेपरच्या.

आता हे लिहीत असताना सहा वाजले. फोन दोनदा वाजला आणि थांबला. आतल्या खोलीत वहिनीची हालचाल ऐकू आली. तेरा दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून उठून बाहेर आली. केस तसेच, पदर तसाच.

"त्यांची सहाची वाजली ना?" ती म्हणाली. "रोज ही वाजली की मी चहा टाकायचे. कालव्याचं काहीतरी आहे म्हणायचे ते."

मी म्हटलं, हो, कालव्याचंच आहे. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मी पेपरच्या कडेवरचा नंबर फिरवला, दोन घंट्या होऊ दिल्या आणि ठेवला.

दादा, काही झालेलं नाही. तरी कळवतेय.